चौकात टॉवर हवा का? ठरवायची आमची रीत

सांगलीत अधूनमधून एक टूम निघते. कधी पंचवीस मजली इमारतीची, कधी घड्याळाच्या मनोऱ्याची, कधी शहराच्या वेशीवरच्या भल्यामोठ्या कमानीची. "कोल्हापूरला रंकाळा हाय, विजापूरला गोलघुमट हाय, आपल्याकडं दाखवायला काय हाय?" हा सवाल चहाच्या गाड्यावर पडला की चार दिवसांत मंडळाची पोरं माझ्या ऑफिसात हजर. मी घरांचे नकाशे काढते आणि फायली घेऊन महापालिकेच्या जिन्यांवर चढ-उतार करते, त्यामुळं असलं काही निघालं की पहिला पत्ता माझाच. त्यांची मागणी ठरलेली असते: "ताई, एक झकास थ्रीडी करून द्या की."

थ्रीडी मी देते, पैसे घेऊन देते. पण आधी त्यांना काही कामं लावते. ती केल्यावर कुणाचा बेत अर्ध्यावर येतो, कुणाचा बदलतो, एखाद्याचा पक्का होतो. तुमच्या गल्लीत, वॉर्डात असं काही घाटत असेल तर बाजूनं किंवा विरोधात सही करण्याआधी हीच कामं करून बघा. माझं मत आधीच सांगून टाकते: गावाला खुणा लागतात, अगदी लागतात. त्या उंचच असाव्यात याला मात्र मला अजून कुणी पटेल असं कारण दिलेलं नाही.

पहिलं काम, पत्ता विचारायचा

मंडळातल्या दोघांना एसटी स्टँडवर पाठवा. एकानं रिक्षावाल्याला, एकानं कॉलेजच्या पोराला, जमलं तर भाजीवाल्या मावशींना विचारायचं: विश्रामबागला कसं जायचं, हरिपूरला कसं जायचं, कुपवाडात अमुक कॉलनी कुठं. उत्तरात आलेली प्रत्येक खूण वहीत लिहायची. राम मंदिर, पुष्पराज चौक, कॉलेज कॉर्नर, शंभर फुटी रस्ता, गणपतीचं देऊळ, आयर्विन पूल. यात उंचीनं डोळ्यांत भरणारं किती निघतं ते बघा. गणपती मंदिर थोरल्या चिंतामणराव पटवर्धनांनी बांधवलं. त्याचा पत्ता सांगताना कुणी त्याची उंची सांगत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही.

वहीत आणखी एक गोष्ट टिपायची, आणि ती जास्त महत्त्वाची. सांगणारा माणूस कुठं अडखळतो? "सरळ जावा, मग डावीकडं, आणि तिथं आल्यावर फोन करा." हे "तिथं आल्यावर फोन करा" जिथं येतं तिथं शहराला खूण कमी पडते. आमच्याकडं ही ठिकाणं शंभर फुटीच्या आतल्या नव्या प्लॉटिंगमध्ये सापडतात, कुपवाडकडच्या वाढीव वस्तीत सापडतात. सगळ्या गल्ल्या एका साच्यातल्या, सगळी गेटं काळी, प्रत्येक तिसऱ्या बंगल्याचं नाव 'कृष्णाई'. कुरिअरवाली पोरं तिथं घामाघूम होतात.

आणि मंडळाला टॉवर कुठं हवा असतो? भर चौकात. जिथं आधीच देऊळ आहे, पुतळा आहे, बँक आहे, मिठाईवाला आहे, आणि जिथं आजवर कुणी चुकलेलं नाही.

वहीतली ठिकाणं शहराच्या नकाशावर लाल पेननं मांडा. मग विचार करा की त्या अडखळण्याच्या जागी काय उभं राहिलं तर पुरे होईल. बहुतेक वेळा मनोरा लागत नाही. कॉलनीत पाण्याची टाकी आधीच असते. ती एखाद्या ठसठशीत रंगात रंगवली आणि तिच्यावर कॉलनीचं नाव बसनं जाणाऱ्यालाही वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलं, की काम झालं. एखाद्या जुन्या चिंचेला पार बांधला तरी चालतं. मंडळाला हे ऐकून जरा उदास वाटतं, मला कळतं. टाकीच्या रंगाचं उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत.

दुसरं काम, ती वस्तू करणार काय

आयर्विन पूल 1929 साली खुला झाला, व्हाइसरॉय आयर्विन यांचं नाव मिळालेला दगडी कमानींचा पूल. दिसायला देखणा आहेच, पण सांगलीच्या जिवाला तो चिकटला आहे तो त्याच्यावर लिहिलेल्या फुटांमुळं. जुलै-ऑगस्टात कोयनेचे दरवाजे उघडले की सगळ्या गावाचा एकच प्रश्न: "आयर्विनला किती?" चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथल्या घरांना आकडा ऐकूनच कळतं की आता गादी माळ्यावर टाकायची की ट्रॉली बोलवायची. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा मुंबई-पुण्याला असलेली सांगलीची पोरंसुद्धा घरी फोन करून आधी आयर्विनचा आकडा विचारत होती, मग आईची तब्येत.

खुणेला असं काम असलं की ती टिकते. पॅरिसचा आयफेल मनोरा 1889 च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभा केला, परवानगी होती वीस वर्षांची. नंतर तो उतरवायचा होता. वाचला तो बिनतारी संदेशांमुळं, कारण ॲन्टेना लावायला तेवढी उंच जागा दुसरी नव्हती. मुंबईचा राजाबाई टॉवर 1878 चा, 280 फुटी. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आईचं नाव दिलं. आख्यायिका अशी की आईला दिसत नव्हतं आणि जैन रीतीप्रमाणं सूर्यास्ताआधी जेवायचं असे, म्हणून घड्याळाचे ठोके. गोष्ट खरी असो-नसो, त्या काळात भिंतीवर घड्याळ असलेली घरं मोजकी होती आणि टॉवरच्या ठोक्यांवर माणसं कामाला लागत.

आता तुमच्या घड्याळ-मनोऱ्याकडं या. वेळ बघायला कुणी मान वर करणार आहे का? खिशातला फोन काढतील. आणि चार बाजूंच्या चार घड्याळांत चार वेळा दिसायला लागल्या की तोच मनोरा गावाची चेष्टा होऊन बसतो. घड्याळ हवंच असा आग्रह असेल तर चावी, बॅटरी, दुरुस्ती कोण बघणार त्याचं नाव आधी ठरवा. 'समिती' हे नाव चालत नाही.

मी पोरांना एक पर्याय सुचवते. पूरखांब. तुमच्या चौकात दगडाचा किंवा आरसीसीचा खांब, त्यावर 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या रेघा, प्रत्येक रेघेशेजारी आयर्विनचा आकडा. तो दाखवतो की पुलावर इतकं होतं तेव्हा इथं, या जागी, पाणी माझ्या कमरेला होतं की डोक्यावर. हा हिशेब पुलावरचा आकडा थेट देत नाही, कारण तो नदीवरच्या शून्यापासून मोजलेला असतो, तुमच्या उंबऱ्यापासून नव्हे.

रेघ मारायची कशी, ते नीट सांगते, कारण इथं लोक अंदाजपंचे करतात. जवळच्या घराच्या भिंतीवर पुराचा डाग अजून असतो. रंग दिला असेल तर जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागं, शटरच्या आतल्या बाजूला बघा, तिथं कुणी रंग देत नाही. घरच्या दोघांना वेगवेगळं विचारून डाग कुठल्या सालचा ते पक्कं करा. मग गवंड्याकडून लेव्हलची नळी आणा, ती पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी. तिच्यात पाणी भरताना बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला तर सगळं चुकतं. म्हणून एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकानं ओढून घ्यायचं, आणि मग दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतंय का बघायचं. आता एकानं एक टोक डागाशी धरायचं आणि ओरडून सांगायचं, दुसऱ्यानं खांबाशी टोक वरखाली करायचं. डागाशी पाणी बरोबर आलं की खांबाशी जिथं पाणी उभं आहे तिथं खूण. नळी पुरत नसेल तर मध्ये एक खुंटी घेऊन दोन टप्प्यांत करा. अंतर जास्त असेल तर सर्व्हेवाल्याकडून ऑटो लेव्हल लावून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. एका गल्लीतला डाग मात्र दुसऱ्या भागातल्या खांबावर नेऊ नका. पुराच्या पाण्यालाही उतार असतो.

टॉवरच्या खर्चात असे खांब सगळ्या बुडणाऱ्या वस्त्यांत उभे राहतील. भाडेकरू घर बघायला आला की आधी खांब बघेल. घरमालकांना हे आवडणार नाही, हेही लिहून ठेवते.

तिसरं काम, उंची डोळ्यांना दाखवायची

कागदावर '80 फूट' लिहिलं की कुणाला काही कळत नाही. मांडववाल्याकडून 20 फुटी बांबू आणा, ठरलेल्या जागी उभा धरा, आणि लांबून, फोन सरळ धरून, फोटो काढा. फोटोची प्रिंट घ्या आणि पट्टीनं बांबूच्या चौपट उंचीची रेघ वर काढा. झाला तुमचा 80 फुटी टॉवर. वायरी कुठं आड येतात, मागच्या घराची खिडकी कुठं झाकते, हे थ्रीडीत कुणी दाखवत नाही ते या प्रिंटवर दिसतं. चारही रस्त्यांवरून असे फोटो काढा. बांबू उभा करताना विजेच्या तारा तेवढ्या बघा.

आणखी एक गणित. एखादी उभी वस्तू मान न ताणता पूर्ण दिसायला तिच्या उंचीच्या साधारण दुप्पट लांब उभं राहावं लागतं. 80 फुटांसाठी 160 फूट मोकळा रस्ता. आमच्या जुन्या पेठांतल्या बोळांतून एवढं मोकळं अंतर मिळतं का? हरभट रोडवर उभं राहून सांगा. विजापूरचा गोलघुमट, 1656 चा, बाहेरून 44 मीटर व्यासाचा, लांबून दिसतो कारण सभोवार मैदान आहे आणि त्याच्यापुढं काही उभं नाही. तोच आमच्या मारुती चौकात आणून ठेवला तर फक्त भिंत दिसेल.

सावलीचं गणित इमारतीसाठी जास्त कामाचं. सांगलीत 22 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी इमारतीच्या उंचीच्या जवळजवळ 85 टक्के लांब सावली उत्तरेला पडते. सकाळी नऊला ती उंचीच्या दुपटीहून जास्त असते, वायव्येकडं. म्हणजे 12 मजली, अंदाजे 120 फुटी इमारत उत्तरेच्या शंभर फुटांतल्या गच्च्या थंडीत भर दुपारी झाकणार. त्या गच्च्यांवर सोलर आहेत का, मोजून घ्या. मे महिन्यात मात्र हीच सावली दुपारी पायाशी येऊन बसते, त्यामुळं बिल्डरनं उन्हाळ्यातलं चित्र दाखवलं तर डिसेंबरचं मागा.

इमारतच उंच हवी म्हणणाऱ्यांसाठी

उंचीच्या बाजूनं सांगलीत एक खरं कारण आहे, आणि ते मी नाकारत नाही: पूर. आडवं पसरायला गेलो तर नदीकडच्या शेतात घुसतो. वर गेलो तर तेवढी जमीन वाचते. पण 2019 ला वरच्या मजल्यावरच्या लोकांचं काय झालं ते त्यांनाच विचारा. घर कोरडं, आणि खाली मीटरचे बोर्ड पाण्यात, लिफ्टचा खड्डा भरलेला, पंप बुडालेला. चौथ्या मजल्यावर बसून पिण्याच्या पाण्याची वाट बघायची, आणि खाली उतरायचं तर होडी.

म्हणून असा प्रकल्प आला की दर्शनी भागाचं चित्र बाजूला ठेवा आणि चार गोष्टी नकाशावर बोट ठेवून विचारा. मीटर पॅनल आणि जनरेटर कुठल्या पातळीला आहेत. लिफ्टची मशिनरी वर आहे की खाली. तळघरात पार्किंग आहे का. असेल तर पाणी उपसून टाकणार कुठं, कारण बाहेरही पाणीच असणार. आणि जागा पूररेषेच्या कुठल्या बाजूला येते. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकामाचा विचारच करायचा नाही. निळ्या-लालच्या मध्ये अटी असतात, त्या परवानगीच्या पत्रावर लिहिलेल्या असतात, त्या वाचा.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशेबात 15 मीटर आणि त्यापुढची इमारत 'उंच' धरतात, आणि तिथून आगीचे नियम कडक होतात. अग्निशमन दलाची शिडी किती मजल्यांपर्यंत पोचते हे दलाच्या ऑफिसात जाऊन विचारा, सांगतात. शिवाय आपली काळी माती: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माती परीक्षणाचा अहवाल आहे का आणि बोअर किती खोल घेतले, हे विचारल्यावर समोरचा गडबडला तर तिथंच थांबा.

उंचीची हौस किती पोकळ असते याचा एक आकडा. दुबईचा बुर्ज खलिफा 828 मीटर, 2010 साली खुला झाला. त्यातले वरचे सुमारे 244 मीटर माणसांच्या वापराचे नाहीतच. नुसता सुळका.

पैशांचं

सादरीकरणात हमखास दोन फोटो येतात, सिडनी आणि स्पेनमधलं बिल्बाओ. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा पहिला अंदाज 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, शेवटी 10 कोटी 20 लाख लागले. 1963 ला व्हायचं ते 1973 ला उघडलं. बराचसा पैसा लॉटरीतून उभा केला. आज ते जगप्रसिद्ध आहे, कबूल. पण एवढा वाढीव खर्च सोसण्याची ताकद त्यांच्यात होती, आपल्याला विचार करून सांगा. बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय 1997 चं. त्याच्या जोडीनं त्या शहरानं नदी साफ केली, बंदर समुद्राकडं सरकवलं, 1995 ला मेट्रो सुरू केली. सादरीकरणात मात्र चकचकीत पत्र्याची इमारत तेवढी येते. सांगलीत कृष्णेत मिसळणाऱ्या नाल्यांचा विषय निघाला की प्रोजेक्टर बंद.

अंदाजपत्रकात तुम्ही शोधायचं ते एकच पान: देखभाल-दुरुस्ती, दर वर्षी, कुठल्या खात्यातून. दिव्यांचं बिल, लिफ्टचा करार, रंग, रखवालदार. ते पान नसेल तर पाच वर्षांनी काचा फुटलेल्या, कुलूप लावलेला आणि खाली कबुतरांचा सडा, हे चित्र तुम्ही कुठं ना कुठं बघितलेलं आहेच. पुतळा असेल तर वाऱ्याचा हिशेब आणि आतल्या सांगाड्याचं गंजरोधन विचारा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उघडला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, त्यानंतर हा प्रश्न विचारल्याबद्दल कुणी तुम्हाला नास्तिक म्हणणार नाही.

कागद

जागा रस्त्यात असेल तर आधी हे वाचा: सर्वोच्च न्यायालयानं 18 जानेवारी 2013 च्या आदेशानं सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर पुतळे किंवा बांधकामं यांना परवानगी देऊ नये असं राज्यांना सांगितलं आहे, दिवे, सिग्नल अशी वाहतुकीची कामं सोडून. भर चौकातले अर्धे बेत इथंच संपतात.

बाकीच्यांसाठी माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून गावगप्पा घालू नका. मी देते तो मजकूर असा:

"प्रति, जन माहिती अधिकारी, बांधकाम विभाग. विषय: अमुक चौकातील नियोजित मनोऱ्याची माहिती. कृपया पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात: प्रशासकीय व तांत्रिक मंजुरीचे आदेश, मंजूर अंदाजपत्रक, वार्षिक देखभाल खर्चाच्या तरतुदीसह, जागेची मालकी व पूररेषेसंबंधीचा दाखला, माती परीक्षण अहवाल, संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र, निविदेतील दोष दायित्व कालावधीचं पान. शुल्क कळवावं, भरण्यास तयार आहे." (दोष दायित्व कालावधी म्हणजे काम झाल्यावर दोष निघाला तर ठेकेदारानं तो स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायची मुदत.)

'का', 'कशासाठी', 'कुणाच्या सांगण्यावरून' हे शब्द घालायचे नाहीत. माहिती मागायची, जाब नाही. जाब विचारला की "हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं आणि महिना जातो.

विकास आराखड्यात बदल करून जागा दिली जात असेल तर हरकती-सूचनांची जाहिरात निघते, तिच्यात शेवटची तारीख छापलेली असते. हरकत एका कागदावर, मुद्दे क्रमानं, सोबत बांबूचा फोटो आणि पत्ता विचारलेल्या वहीची झेरॉक्स. बाजूनं लिहायचं असलं तरी लिहा. सगळे विरोधकच लिहितात, त्यामुळं चांगली कल्पनाही मारली जाते. अर्ज आवक-जावकला स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दुपारी दीडनंतर जाऊ नका, जेवणाची सुट्टी असते.